कानामागून आलेले

दरवर्षी डिसेंबरात आमच्या ग्वाल्हेरीस तानसेनाच्या समाधीपाशी संगीत समारोह भरतो. सकाळी ढोलीबुवा महाराजांची हरिकथा आणि मीलाद यांनी त्याचा आरंभ करण्याची जुनी प्रथा आहे. पुढचे काही दिवस गाणेबजावणे चालते. हद्दूखाँ-हस्सूखाँच्या या गावात वाढलेल्या माणसास गाता येवो अगर न येवो, गाणे ऐकता येते असा अभिमान तरी असतोच. तो आम्हांसही होता.

तीन वर्षांपूर्वीच्या समारोहात एका गायकाच्या मागे दोन तंबोरे झंकारत होते. आम्ही शेजारच्या स्नेह्यांस हळूच म्हटले, "तंबोऱ्यांना जवारीच नाही. नुसते भोपळे घुमताहेत." स्नेही चकित झाले. म्हणाले, "अहो सर, काय बोलता! किती सुंदर बोलते आहे जवारी!" आम्ही मनातल्या मनात त्यांच्या कानांची कीव केली आणि गप्प बसलो. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जी जवारी काढतात, तिच्या झंकारात अतिशय वरच्या पट्टीतील सूक्ष्म स्वरांची दाटी असते. ते स्वर मंडपातल्या सर्वांपर्यंत पोचत होते; आमच्यापर्यंत तेवढे पोचत नव्हते. ही गोष्ट कळण्यास आम्हांस पुढे दोन वर्षे लागली.

डोळे मंदावले की अक्षर पुसट दिसते आणि दोष आपल्या डोळ्यांचा आहे हे तत्काळ उमगते. कानांचे तसे नाही. जे ऐकूच आले नाही, त्याचा पुरावा मागे राहत नाही. त्यामुळे दोषाचे खापर आधी दुसऱ्यांच्या माथी फुटते. हल्लीची मुले तोंडातल्या तोंडात बोलतात, दूरदर्शनवरचे निवेदक घाई करतात, पंख्याचा फार आवाज होतो, सूनबाईंचा आवाज मुळातच बारीक आहे. यांतील प्रत्येक विधान आम्ही कधी ना कधी ठामपणे केलेले आहे.

उतारवयातील श्रवणमांद्य बहुधा वरच्या पट्टीपासून सुरू होते आणि हळूहळू खाली सरकते. कानाच्या अगदी आतल्या भागात शंखासारखी वळलेली एक इवलीशी नळी असते. तिच्यात जन्मतः सुमारे १५,००० केशपेशी असतात. बाहेरून आलेल्या कंपनांचे मेंदूला कळेल अशा संदेशात रूपांतर करण्याचे काम त्यांचे. वरच्या पट्टीचे ध्वनी टिपणाऱ्या पेशी या नळीच्या तोंडाशीच असतात आणि सर्वसाधारणपणे त्याच आधी झिजतात. गेलेली केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. आता आपल्या बोलण्याकडे पाहा. अ, आ, ओ हे स्वर भरदार आणि खालच्या पट्टीतले. स, श, फ, ख, थ ही व्यंजने मात्र क्षीण आणि वरच्या पट्टीतली. आवाज पोचतो तो मुख्यतः स्वरांनी आणि शब्द वेगळा ओळखू येतो तो बहुतांशी व्यंजनांनी. म्हणून अशा माणसाची तक्रार "ऐकू येत नाही" अशी नसतेच मुळी. "ऐकू येते, पण कळत नाही" असे तो म्हणतो आणि मोठ्याने बोलणाऱ्यावर "ओरडता कशाला?" म्हणून रागावतोही.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातील एक प्रसंग सांगणे भाग आहे. आमची शाळा हिंदी माध्यमाची. प्रार्थनेनंतर सहावीतील एका मुलास सहा दिवसांच्या गैरहजेरीचे कारण आम्ही सर्वांसमक्ष विचारले. मान खाली घालून तो पुटपुटला, "सर, माँ... बुखार..." आम्ही ऐकले "बाज़ार". आईबरोबर बाजारात हिंडण्यासाठी या पोराने सहा दिवस शाळा बुडवली असा अर्थ आम्ही लावला आणि तीनशे मुलांदेखत त्यास जे बोलावयाचे ते बोललो. तो काही बोलला नाही. "तुम्ही चुकीचे ऐकलेत" असे हेडमास्तरांस सांगण्याची शिकवण आपण कोणत्याच मुलाला देत नाही. दुपारी त्याच्या वर्गशिक्षिका आल्या आणि त्याची आई आठवडाभर तापाने अंथरुणास खिळली असून घरात दुसरे मोठे माणूस नाही, असे त्यांनी सांगितले. बोललो होतो प्रार्थनेच्या वेळी, म्हणून दुसऱ्या दिवशी क्षमाही प्रार्थनेच्या वेळीच मागितली. मुलाने मान हलवली. परंतु त्या दिवसापासून तो आमच्या खोलीवरून जाताना पावले भरभर टाकू लागला, हेही आम्ही पाहिले. हलक्या कानाचा माणूस अन्याय करतो असे आपण म्हणत आलो. जड कानाचा माणूसही त्याच्याहून कमी अन्याय करीत नाही.

त्याच आठवड्यात आम्ही कान दाखविण्यास गेलो. वाचकांपैकी ज्यांस अशी शंका असेल त्यांनी पहिली पायरी हीच धरावी. श्रवणयंत्राच्या दुकानाची पायरी नंतर. कारण कान जड होण्याची सारीच कारणे वार्धक्याची नसतात. कधी नुसता मळ साचलेला असतो. कधी पडद्यास छिद्र असते, तर कधी पडद्यामागची हाडे जखडलेली असतात. यांतील पुष्कळ गोष्टी औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतात. एकाच कानाने कमी ऐकू येऊ लागले, कान वाहू लागला किंवा चक्कर येऊ लागली, तर दिरंगाई करू नये. आणि एखाद्या कानाचे ऐकणे एकदोन दिवसांत अचानक गेले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तेथे दिवस मोजून उपचार होतात.

आमच्या बाबतीत यांतील काही निघाले नाही. मग एका बंद खोलीत बसवून, कानांस फोन लावून, बारीक होत जाणारे स्वर ऐकवून तपासणी झाली. हातात आला तो श्रवणाचा आलेख. त्यावर आडव्या रेषेने स्वराची पट्टी, २५० पासून ८,००० हर्ट्‌झपर्यंत. उभ्या रेषेने आवाजाची तीव्रता, डेसिबेलमध्ये. खालच्या पट्टीत आमची रेषा २५ डेसिबेलपाशी होती आणि ४,००० हर्ट्‌झपाशी ती ६० वर उतरली होती. समोरासमोरचे साधे बोलणे साधारण ६० डेसिबेलचे असते आणि त्यातील व्यंजने त्याहूनही मंद. म्हणजे माणसाचे बोलणे आमच्या कानाच्या उंबरठ्यावरच अडखळत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालातील वर्गवारीप्रमाणे सरासरी ३५ डेसिबेलपासून मध्यम श्रवणदोष सुरू होतो. आपल्या देशाच्या २०१६च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात मात्र दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबेलचा दोष असेल तर 'ऐकू कमी येणारा' आणि ७० असेल तर 'बधिर' अशी व्याख्या आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी बहिरा ठरण्याच्या कितीतरी आधी माणूस घरातल्या संभाषणातून गळू लागतो.

"दोष वाढत जाणारा आहे. किती वेगाने वाढेल ते सांगता येत नाही. दरवर्षी तपासा आणि यंत्र लावा," एवढे सांगून आमची बोळवण झाली. आम्ही तो कागद घरी आणला, कपाटाच्या खणात ठेवला आणि आठ महिने त्याच्याकडे सोयीस्कर कानाडोळा केला.

या आठ महिन्यांत आम्ही स्वतःशी जे युक्तिवाद केले, ते बहुतेक घरांत होतात. पहिला पैशाचा. श्रवणयंत्राची किंमत काही हजारांपासून काही लाखांपर्यंत असते आणि ते लावून उपयोग झाला नाही तर पैसे पाण्यात. दुसरा अनुभवाचा. लष्करातील आमच्या एका नात्यातल्या काकांकडे खिशात ठेवण्याची डबी आणि तिच्यातून कानापर्यंत गेलेली तार असे यंत्र होते. कीर्तनात ते ऐन पूर्वरंगात शिट्टी वाजवी आणि बुवा थांबून पाहत. काकांनी अखेर ते ट्रंकेत टाकले. तिसरा युक्तिवाद तर्कशुद्ध दिसणारा: दोष वाढतच जावयाचा आहे, तर आज घेतलेले यंत्र उद्या निरुपयोगी ठरेल; मग पुरता बहिरेपणा आल्यावरच का घेऊ नये? आणि चौथा, जो उघड बोलून दाखविला जात नाही, तो लाजेचा. चष्मा घातला की माणूस विद्वान दिसतो, यंत्र घातले की म्हातारा.

ही लाज आमचीच आहे असे नाही. बेटोव्हेनसारख्या संगीतकाराला ऐन तिशीत बहिरेपणाने गाठले. १८०२ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्याने आपल्या भावांना एक दीर्घ पत्र लिहिले. आपण लोकांत मिसळत नाही, तुसडे वाटतो, याचे कारण आपल्याला ऐकू येत नाही हे असून ते चारचौघांत सांगवत नाही, असा त्याचा आशय. ते पत्र त्याने पाठविलेच नाही. पुढे त्याने कर्णे वापरून पाहिले आणि १८१८ पासून भेटीस येणारी माणसे आपले म्हणणे त्याच्या वहीत लिहून दाखवू लागली. ज्याला सांगण्याचे धैर्य पत्रापुरतेही टिकले नाही, त्याच्यापुढे आज आमच्यापुढे आहे तसे साधन नव्हते. आमच्यापुढे साधन असून आम्ही खणाला कुलूप लावले होते.

ते कुलूप उघडले एका लहान मुलीने. आमच्या थोरल्या बंधूंची नात पाच वर्षांची आहे. शाळेत इंग्रजी, अंगणात हिंदी आणि मराठी फक्त घरातल्या वडीलधाऱ्यांशी. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या घरांतून मराठी टिकते ती पुस्तकांनी कमी आणि अशा कानांनी अधिक. एके संध्याकाळी ती आमच्याजवळ येऊन म्हणाली, "धाकटे आजोबा, एक गंमत सांगू?" आणि तिने ती सांगितली. आम्ही विचारले, "काय?" तिने पुन्हा सांगितली. आम्ही पुन्हा विचारले, "काय?" तिसऱ्यांदा विचारले तेव्हा ती क्षणभर आमच्याकडे पाहत राहिली, आणि "कुछ नहीं" म्हणून खेळायला निघून गेली. "काही नाही" असेही म्हणाली नाही. गंमत आणि मराठी, दोन्ही तिने एकदमच सोडून दिली.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही एक उद्योग केला. सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत घरातील माणसे आम्हांस "काही नाही, जाऊ द्या" असे किती वेळा म्हणतात ते मोजले. अकरा वेळा. या अकरांत महत्त्वाचे काय होते, असे कोणी विचारील. बहुधा काहीच नसेल. शेजारच्यांकडे पाहुणे आले, कढीपत्त्याला पालवी फुटली, दूधवाला उद्या येणार नाही. परंतु संसार अशाच गोष्टींचा असतो, आणि त्या एकेक करून आमच्या वाटेने येण्याच्या थांबल्या होत्या. यंत्र घेणे परवडते का, हा हिशेब आम्ही आठ महिने करीत होतो. त्या वहीत हे अकरा आम्ही कधी मांडलेच नव्हते.

आता त्या युक्तिवादांचे काय झाले ते सांगतो. काकांच्या डबीचा काळ गेला. १९५०च्या दशकात ट्रान्झिस्टरने यंत्र लहान केले आणि १९९०च्या दशकात ते अंकीय झाले. जुने यंत्र सारेच आवाज सरसकट वाढवी. आजचे यंत्र श्रवणालेख पाहून ज्या पट्टीत जेवढी उणीव तेवढीच भर घालते आणि शिट्टीही पुष्कळशी आवरते. "दोष वाढणार, मग आता कशाला?" या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. दोष वाढला की तेच यंत्र नव्या आलेखाप्रमाणे पुन्हा जुळवून घेता येते. मात्र घेतानाच पुढच्या वाढीस वाव असलेले घ्यावे. उलट थांबण्याचाच तोटा आहे. ज्या शब्दांची कानांना दीर्घकाळ ओळख राहिली नाही, ते पुढे नुसते मोठे करून दिले तरी मेंदूला ओळखणे जड जाते. आणि दोष यंत्राच्या आवाक्यापलीकडे गेला, तर शस्त्रक्रियेने अंतर्कर्णात बसवावयाचे कॉक्लिअर इम्प्लांट हा निराळा मार्ग असतो.

यंत्राने डोके शाबूत राहते काय, असेही हल्ली विचारतात. २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांत श्रवणदोषाची गणना केली आहे. तथापि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीचा निष्कर्ष सावधपणे वाचावयास हवा. ७० ते ८४ वयाच्या ९७७ व्यक्तींची तीन वर्षे पाहणी झाली. एकंदर समूहात यंत्र लावणाऱ्यांत आणि न लावणाऱ्यांत बुद्धीच्या ऱ्हासाचा फरक दिसला नाही. ज्यांना ऱ्हासाचा धोका मुळातच अधिक होता, त्या गटात मात्र यंत्र लावणाऱ्यांचा ऱ्हास ४८ टक्क्यांनी मंद झाला. तेव्हा यंत्रास कोणी रसायन समजू नये. ते घ्यावे ते बोलणे ऐकण्यासाठी.

घेण्यापूर्वी मात्र काही गोष्टींचा आग्रह धरावा. नुसत्या स्वरांची तपासणी पुरेशी नाही. शब्द ऐकवून किती ओळखता येतात, ही चाचणी करून घ्यावी, आणि ते शब्द आपल्या नित्याच्या भाषेतले असावेत. मोठ्याने ऐकवूनही शब्द ओळखू येत नसतील, तर यंत्राचा लाभ मर्यादितच राहील, हे आधीच कळलेले बरे. दोष दोन्ही कानांत असेल तर सामान्यतः दोन्ही कानांस यंत्र लावणे हितावह. काही दिवस घरी वापरून पाहण्याची सवलत मागावी आणि ती देणाऱ्याकडूनच घ्यावे. महागातले यंत्र आपल्याला लागेलच असे नाही. आपल्याला कोठे कोठे ऐकावयाचे आहे त्याची यादी करून न्यावी: वर्ग, स्वयंपाकघर, दूरध्वनी, देऊळ. दुरुस्ती आपल्याच गावात होते का, हे विचारावे. आमच्याकडच्या धुळीत, लूच्या दिवसांत आणि घामात यंत्रास जपावे लागते. रात्री ते ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवावे. ज्यांची ऐपत नाही अशांसाठी केंद्र सरकारची १९८१ पासूनची दिव्यांग साहाय्य योजना आहे, आणि साठी ओलांडलेल्या अल्प उत्पन्नाच्या वृद्धांसाठी २०१७ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. दोहोंत श्रवणयंत्रे दिली जातात. जिल्ह्याच्या सामाजिक न्याय कार्यालयात चौकशी करावी.

आम्ही यंत्र लावून आता पाच महिने झाले. पहिला दिवस भयंकर गेला. वर्तमानपत्राचे पान उलटले की पत्रे कोसळल्यासारखे वाटे, फोडणी अंगावर येई, आणि स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकून आम्ही दोनदा मागे वळून पाहिले. पुष्कळ यंत्रे याच आठवड्यात ट्रंकेत जातात. मेंदूला या विसरलेल्या आवाजांची पुन्हा सवय होण्यास काही आठवडे लागतात; तोवर घरात, शांत वेळी, पण रोज आणि बराच वेळ यंत्र लावून ठेवावे लागते. दोन-तीनदा जाऊन जुळणीही बदलून घ्यावी लागली.

उणिवाही सांगतो. लग्नाच्या मांडवात आम्हांस आजही फारसे कळत नाही. पाठमोऱ्या माणसाचे किंवा दुसऱ्या खोलीतून मारलेल्या हाकेचे शब्द निसटतात. यंत्र बोलण्यासाठी जुळवलेले असते, त्यामुळे गाणे त्यातून काहीसे परके वाटते. त्यासाठी निराळी जुळणी करून घेतली तेव्हा जवारीचा थोडा अंश परत आला, सगळी नाही. तेव्हा घरच्यांनीही आपला वाटा उचलावा. समोर येऊन, तोंड दिसेल असे, ओरडल्याशिवाय, सावकाश बोलावे. न कळल्यास तेच वाक्य चढ्या आवाजात सांगण्याऐवजी निराळ्या शब्दांत सांगावे. आणि "काही नाही" म्हणू नये.

समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्ती सांगितली आणि पहिल्या समासात श्रवणास पहिले स्थान दिले. परमार्थात जे पहिले, ते प्रपंचात शेवटचे का मानावे? आपल्या घरी कोणाचे कान जड होत असतील, तर एखाद्या रविवारी आमच्यासारखी मोजदाद करून पाहावी. आकडा शून्य निघाला तर खुशाल थांबावे.

कानामागून आली आणि तिखट झाली, असे आपण कौतुकाने म्हणत नाही. आमच्या कानामागे आलेली ही दोन इवलीशी यंत्रेही पहिल्या आठवड्यात तिखटच लागली. परवा धाकटी नात येऊन आमच्या मांडीवर बसली, यंत्राला बोट लावून पाहिले, आणि मराठीत विचारू लागली की हे रात्री झोपते का. आम्ही एकाच "काय?"मध्ये ऐकले.